सणाची चाकं

काशिराम जातीचा कोळी, आणि त्याला बोट लागायची. करंजाचा सगळा कोळीवाडा यावर पोट धरून हसला. मचवा बंदराबाहेर पडायच्या आत याची मान काठावरून खाली लोंबायची. बापाने तीन वर्षं वाट पाहिली. मग एके दिवशी त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि म्हणाला, "दर्याला ह्यो नको हाय. याला जमिनीवर ठेवा."

म्हणून काशिराम पनवेलला मामाकडे आला, एका लेथवाल्याच्या हाताखाली राहिला आणि पस्तिशीच्या आत जुन्या पुणे रस्त्यावर त्याने स्वतःचं दुकान थाटलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. घाटातून उतरलेल्या ट्रकांची वाकडी चाकं सरळ करायची, एवढंच काम. पण ते तो असं करायचा की पेणपासून लोक यायचे. त्याची रीत ठरलेली. चाक आधी आढ्याला दोरीने टांगायचं, लाकडी मोगरीने हलकेच ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. तडा डोळ्याला दिसायच्या आधी त्याला ऐकू यायचा.

"आधी ऐकायचा, मंग हात लावायचा," असं तो म्हणायचा. ट्रक ड्रायव्हर घाईत असले तरी थांबत. घाटात चाक गेलं म्हणजे काय होतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं.

लोक त्याला मितभाषी म्हणत. ते काही खरं नाही. बायकोशी, शांतीशी, तो भरपूर बोलायचा. गिऱ्हाइकाशी मात्र कामापुरतंच. देवाधर्माच्या गोष्टी तर मुळीच नाही. त्याचा दर्या, त्याची पूजा हा त्याचा घरचा मामला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अठ्ठ्याहत्तर साली कृष्णकांत कर्णिक त्याच्या शेडमध्ये आले. आपटा गावाच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला पनवेलमध्ये. कारखाना उभारायला आलेला एक गोरा साहेब परत जाताना आपली गाडी त्यांना देऊन गेला होता. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला चिकटून चालणारी विलायती स्पोर्ट्स कार, पासष्ट सालची. पगारदार माणसाने असली गाडी का ठेवावी, हे त्यांच्या बायकोला, पद्मजाबाईंना, कधी कळलं नाही. पण त्या शेजारच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून बसायच्या आणि बसल्यावर उतरायला तयार नसायच्या.

कर्णिकांनी एक चाक काशिरामच्या हातात दिलं. काशिराम ते उचलायला गेला आणि तोल जाऊन मागे आला. वजनाचा अंदाज साफ चुकला होता.

"अहो, हा काय पुठ्ठा हाय का?"

"मॅग्नेशियम आहे. गोरा तरी तसं म्हणाला. ॲल्युमिनियमही असेल, मला खात्री नाही. रंग तोच, कोण ओळखणार?"

ओळख पटली ती जेवणाच्या डब्यामुळे. शांतीने कालवणाबरोबर छोट्या बाटलीत कोकमाचं आगळ दिलं होतं. चाकाची कड काशिरामने नुकतीच कानशीने घासून उघडी केली होती. बाटली उघडताना दोन थेंब त्या जागी पडले आणि सर्रकन फेस आला. बारीक बारीक बुडबुडे, जणू धातूला उकळी फुटली. काशिरामने डब्याच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर तसेच दोन थेंब टाकले. काही नाही. गुलाबी थेंब तसेच बसून राहिले.

कर्णिक हसले. "काशिराम, लॅबोरेटरीत पाठवणार होतो मी. तुझ्या बायकोने डब्यात दिलेली लॅबोरेटरी बरी."

तेव्हापासून धातू ओळखायची ही त्याची पक्की परीक्षा झाली. आंबटाने, मिठाने ज्याला फेस येतो ते मॅग्नेशियम. आगळात मीठ असतं, हे कोकणात कुणालाही माहीत आहे. काशिरामलाही होतं. डोळ्यांनी फेस पाहिला, कित्येकांना हौसेने दाखवला, पण त्यापुढे विचार म्हणून केला नाही. माणूस आपल्याच हुशारीवर इतका खूश असतो की ती काय सांगते आहे ते ऐकत नाही.

पुढे कर्णिकांनी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून त्याच मापाची चार ॲल्युमिनियमची चाकं मिळवली. काशिरामने त्यांची मधली भोकं लेथवर बसती करून दिली. मग दोघांनी परीक्षा घेतली, शाळकरी पोरांच्या उत्साहाने. मासळी तोलायच्या काट्यावर चाकं टांगली. मॅग्नेशियमचं साडेपाच किलो, ॲल्युमिनियमचं आठ. दोरीला टांगून मोगरी मारली. ॲल्युमिनियम देवळातल्या घंटेसारखं बराच वेळ घुमत राहिलं. मॅग्नेशियम एकच आवाज देऊन गप्प. मग एकदा ही चाकं लावून आणि एकदा ती लावून पाताळगंगेच्या काठाने आपट्याच्या पुलापर्यंत गाडी नेली. काशिराम शेजारी बसला. ॲल्युमिनियमवर गाडी प्रत्येक खड्डा मोजत चालली. मॅग्नेशियमवर चाक खड्ड्यात उतरून वर आलं तरी कळलं नाही. अडीच किलोत एवढा फरक!

"होडीत गाळ भरलेला असला आनि काढून टाकला, तसा वाटतो," काशिराम म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण या होडीत त्याला मळमळत नव्हतं.

"पण एक लक्षात ठेव," परत येताना कर्णिक म्हणाले. "ॲल्युमिनियम आधी वाकतं, मग मोडतं. सूचना देतं. हे वाकत नाही. जायचं तेव्हा एकदम जातं. म्हणून याची निगा तुझ्याकडे."

निगा तुझ्याकडे. हा शब्द काशिरामने फार मनावर घेतला.

ॲल्युमिनियमची झाली रोजची चाकं आणि मॅग्नेशियमची सणाची. नावं काशिरामनेच ठेवली. दसरा, पाडवा, पद्मजाबाईंचा वाढदिवस अशा दिवशी सणाची चाकं चढायची. एरवी ती काशिरामच्या शेडमध्ये माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली असायची. वर्षातून एकदा तो त्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल चोळायचा, कोळी होडीच्या लाकडाला चोळतात तेच. वास असा की नाकाला पदर लावावा.

"काशिराम, गाडी फाटकापाशी उभी राहिली की गावातली मांजरं गोळा होतात रे!" पद्मजाबाई ओरडायच्या.

"राहू द्या वहिनी, मांजरं खरा माल ओळखतात."

तेल खरंच चांगलं. बाहेरून चाकांवर सोळा वर्षांत डाग पडला नाही. मुंबईहून जुन्या गाड्यांचे शौकीन यायचे, चाकांवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "ही नवी कुठून मिळवलीत?" काशिराम फक्त मान खाली घालायचा. आतून मात्र फुलायचा.

तेलाआधी तो काय करतो, हे त्याला कुणी विचारलं नाही.

नारळी पौर्णिमेला कोळी होडी धुतो, पुजतो, दर्याला नारळ देतो. काशिरामकडे होडी नव्हती. दर्याने नको म्हटलेला माणूस तो. पण पौर्णिमेला तो करंजाला जायचा, गर्दीत मागे उभा राहून नारळ द्यायचा आणि पितळी कळशीत दर्याचं पाणी घेऊन पनवेलला यायचा. लेथला त्या पाण्याचं नुसतं बोट लावायचा, कारण लोखंडाला मीठ खातं हे पोराला कळतं. पण ही चार चाकं लोखंडाची नव्हती. यांना गंज चढत नव्हता. आणि सगळ्या दुकानात होडीसारखी हलकी अशी हीच. त्यांना तो त्या पाण्याने न्हाऊ घालायचा, भोकाभोकांतून, कडेकडेने. हळदकुंकू वाहायचा आणि पाणी वाळायच्या आत वरून तेल चोळायचा. का, तर दर्याचा आशीर्वाद आत राहावा.

सोळा नारळी पौर्णिमा.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये कर्णिक गेले. सकाळी चहा पिता पिता गेले, कुणाला काही करायला वेळच दिला नाही. काशिराम स्मशानात आला आणि मागच्या मागे परत गेला. त्या वर्षीची पौर्णिमा सुतकात गेल्यासारखीच गेली. चाकं माळ्यावर तशीच राहिली.

डिसेंबरात त्यांचा मुलगा सत्यजीत आला. मुंबईला नोकरी, तिशीचा. बापाचंच नाक आणि बापापेक्षा दुप्पट घाई.

"काशिरामकाका, फेब्रुवारीत जुन्या गाड्यांची फेरी आहे. मुंबई ते खंडाळा आणि परत. बाबांची गाडी नेतोय. आई शेजारी बसणार. सणाची चाकं काढा."

"घाटातून?"

"मग काय, बोगदा खणू? घाटातूनच. बाबांची फार इच्छा होती, त्यांना जमलं नाही."

काशिरामने चाकं उतरवली आणि नेहमीप्रमाणे टांगून ठोकली. पहिलं बरं बोललं. दुसरं जरा कोरडं. तिसरं मात्र फुटक्या मडक्यासारखं वाजलं. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. चाकाच्या मधल्या भोकात पोलादाची जाड बांगडी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. त्या बुशच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ होती. नखाने खरवडली तर पिठासारखी भुकटी आली. चुना लागला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. माळ्यावर चुना कुठून येणार, हेही त्यालाच ठाऊक होतं.

चार दिवसांनी अमावास्येच्या ओहोटीला तो करंजाला गेला. पुतण्या मिथुनने आपला इंजिनाचा ट्रॉलर खरवडायला किनाऱ्यावर आडवा घेतला होता. काशिराम लहान होता तेव्हा मचवे शिडाचे असत. बोटीचं बूड त्याने इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. बोट पुढे ढकलणाऱ्या पितळी पंख्याशेजारी काहीतरी कुरतडलेलं, पांढरट ढेकूळ होतं.

"यो काय रं?"

"जस्ताची वडी. पंख्याला दर्या खातो ना काका, म्हून ही लावतात. दोन धातू चिकटून असले आनि खारा पानी लागला का, दर्या त्यातल्या मऊला आधी खातो. ही जाते, पंखा वाचतो." मिथुनने बोटाने ढेकूळ दाबलं. पांढरी भुकटी खाली सांडली. "नवीन होती तवा साबनाच्या वडीएवढी होती. तुमाला म्हाईत नाय? कोळी हाय का भट?"

बाकीचे खलाशी हसले. काशिराम हसला नाही. तो त्या भुकटीकडे बघत वाळूत खाली बसला. मिथुनला वाटलं, म्हातारा जमिनीवरसुद्धा बोट लागून घेतो.

घरी येऊन त्याने शांतीला सगळं सांगितलं. शांती मासे चिरत होती, तिचा हात थांबला नाही.

"जुनी झाली म्हना. खोटा हाय का त्यात काय? तीस वर्सांची चाकं ती."

"त्याला पटनार नाय. बाहेरून आरशासारखी हायेत."

"मंग तुमी लावून देऊ नका. नाय म्हना. पन पान्याचा कशाला सांगता? दर्याचा पानी वंगाळ कसा असल? तुमी काय पाप केलाव?"

"पाप नाय केला. चाक खाल्ला."

आता शांतीचा हात थांबला.

पण तिचं तरी काय चुकलं? नुसतं नाही म्हणून काम भागलं असतं तर काशिरामनेही तेच केलं असतं. त्याने करूनही पाहिलं. सत्यजीतला निरोप धाडला की चाकं जुनी झालीत, रोजची लावू. सत्यजीत येऊन चाकं घेऊन गेला आणि दोन दिवसांत मुंबईच्या कुणा जाणकाराला दाखवून परत घेऊन आला.

"काका, तो म्हणतो, एवढी जपलेली मॅग्नेशियमची चाकं त्याने देशात पाहिली नाहीत. तेलाचं कौतुक करत होता."

"बुश काढून बघितली त्यानं?"

"बुश कशाला काढायची? बसवलेली जागा सैल होईल, चाक बाद होईल. काका, स्पष्ट विचारू? तुम्हाला ही नकोत, की आम्ही गाडी न्यायलाच नको?"

सत्यजीत चाकं शेडमध्ये ठेवून गेला. जाताना म्हणाला, "गाडी इथेच ठेवतो. रविवारी आईला घेऊन येतो. चाकं चढवून ठेवा."

रविवारी गाडी शेडसमोर विटांवर उचललेली होती, चाकांवाचून. चारही सणाची चाकं जमिनीवर ओळीने मांडलेली होती. पद्मजाबाई स्टुलावर बसल्या. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, अंगात अजून वर्गावरचा दरारा.

"काय रे काशिराम, चढवली का नाहीस?"

"वहिनी, एक सांगायचा हाय. मदी बोलू नका, नायतर माझ्याच्यानं होनार नाय."

आणि त्याने सांगितलं. कळशी, पौर्णिमा, भोकाभोकांतून फिरवलेलं पाणी, वाळायच्या आत चोळलेलं तेल. सोळा वर्षं. मिथुनची जस्ताची वडी. तिसऱ्या चाकाचा आवाज. बोलताना तो चाकांकडे बघत होता, माणसांकडे नाही.

सत्यजीतचा चेहरा लाल झाला. "समुद्राचं पाणी? मॅग्नेशियमवर? आणि बाबांना पत्ता नाही?"

"नाय. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, असा वाटायचा."

"तुम्ही म्हणता म्हणून मी विश्वास ठेवायचा? जाणकार माणूस चांगली म्हणतो—"

"सत्या, गप्प बस," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, खाली वाकल्या आणि बुशच्या कडेची पांढरी रेघ त्यांनी चष्मा जवळ नेऊन पाहिली. पोलाद, मॅग्नेशियम आणि मिठाचं पाणी. दर वर्षी आठवीच्या वर्गात मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवणाऱ्या बाईला पुढचं कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

"बुश काढ," त्या म्हणाल्या.

"आई, चाक बाद होईल!"

"झालंय की नाही, तेच बघायचंय. काढ रे काशिराम."

काशिरामने तिसरं चाक दाबयंत्राखाली घेतलं. एवढ्या घट्ट बसलेल्या बुशला जोर लागायला हवा होता. ती सहज निघाली, पिकलेल्या फळातून बी निघावी तशी. मागोमाग पांढरी भुकटी सांडली, ओंजळभर. आतल्या भोकाची भिंत बोटभर जाडीची असायला हवी होती, ती पापुद्र्याएवढी उरली होती. काशिरामने अंगठ्याने दाबलं. तुकडा मोडून हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही.

बाकीची तीनही काढली. दोन तशीच. एक थोडं बरं, पण घाटात न्यायच्या लायकीचं नव्हे.

"बाबा तुमच्यावर डोळे मिटून विसंबून होते," सत्यजीत म्हणाला. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्यांच्या हातचं एवढंच राहिलं होतं. तेही खाल्लंत तुम्ही."

"हो," काशिराम म्हणाला.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग पद्मजाबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"यांनी एकदा तरी विचारलं का, तेलाआधी काय करतोस म्हणून? मी विचारलं? वासाची तक्रार तेवढी केली." त्या मुलाकडे वळल्या. "आणि याने आज तोंड मिटलं असतं तर फेब्रुवारीत घाटाच्या वळणावर मला आणि तुला कळलं असतं. रोजची चाकं लाव, काशिराम. आम्ही जाणार आहोत."

रोजची चाकं चढवताना काशिरामने एकेक नट तीनदा तपासला. सत्यजीत पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. जाताना त्याने नमस्कार केला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी काशिराम शेडबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एकामागून एक जुन्या गाड्या गेल्या. लोक टाळ्या वाजवत होते. कर्णिकांची गाडी आली. सत्यजीतची नजर समोर, शेडकडे नाही. शेजारी पद्मजाबाई, डोक्याला रुमाल बांधून. त्यांनी हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा, आणि गाडी पुढे गेली. काशिरामने डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकला. खड्डे मोजत चालली होती. गाडी नाहीशी होईपर्यंत तो ऐकत होता. संध्याकाळी परत आलेला तोच आवाज ऐकला, आणि मगच तो जेवला.

सत्यजीत पुन्हा शेडमध्ये आला नाही. गाडी दुसरीकडे जाऊ लागली. एवढ्या वर्षांच्या माणसाने पाठ फिरवावी आणि ती बरोबर फिरवली असं आपल्यालाच वाटावं, हे सोपं नसतं. नारळी पौर्णिमेला काशिराम करंजाला जातच राहिला. कळशी मात्र पुन्हा नेली नाही.

बुश काढल्या त्या रविवारी सत्यजीतने मोडकी चाकं घरी नेली होती; त्यातलं तिसरं काशिरामने परत मागून घेतलं. पद्मजाबाईंनी ते स्वतः रिक्षाने आणून दिलं. शेडमध्ये शिरताच दिसेल असं ते त्याने दर्शनी भिंतीवर खिळ्याला टांगलं, मोडकी बाजू पुढे करून. इतर दुकानांतून तिथे देवाची तसबीर असते. ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याने सांगितलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत पनवेलमध्ये मोटारी वाढल्या, तरुण मुलं चकचकीत चाकांची चौकशी करत येऊ लागली. कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, मॅग्नेशियम चांगलं की ॲल्युमिनियम?"

"मॅग्नेशियम," काशिराम म्हणायचा. "त्याच्यासारखा दुसरा नाय. मी बसलोय त्याच्यावर, आपट्याच्या पुलापर्यंत."

मग तो भिंतीवरचं चाक खाली काढायचा, मोडलेल्या जागी त्यांचा अंगठा टेकवायला लावायचा आणि त्यांचा हात तिथून निघेपर्यंत थांबायचा.

"ह्यो माझ्या हातानं झालाय. सोळा वर्सं मायेनं केला. तुमी ॲल्युमिनियम घ्या."